मामी, साखळी किती?

शिडाच्या बोटीवर राहून आल्यापासून आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जो भेटेल तो एकच विचारतो, पाण्याची भीती नाही वाटली? त्याच्या खालोखाल जेवणाची चौकशी. रात्री बोट कुठे ठेवत होतात, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. खरं सांगायचं तर आमचा सगळा प्रवास त्या एका प्रश्नाभोवतीच फिरला. सकाळी चहाबरोबर तोच विषय, दुपारी शीड उभारलं तरी डोक्यात तोच, आणि संध्याकाळचे पाच वाजले की बोटीवर दुसरं बोलणंच नसे. वारा कुठून येणार, तळाशी वाळू आहे की गवत, आपल्याआधी किती बोटी येऊन बसल्या असतील. शिडं फोटोत छान दिसतात, पण बेटाबेटांतून हिंडणं म्हणजे मुख्यतः नांगर टाकणं आणि सकाळी तो उचलणं, असं माझं मत झालंय. नांगराचं खातं माझ्याकडेच होतं, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला.

माझ्या नणंदेचा मुलगा हाम्बुर्गला असतो. तो आणि सूनबाई दोघंही तिकडे शिडाची बोट चालवायला शिकले, परीक्षा दिल्या, परवाने काढले, आणि सुट्टीत ग्रीसला जाऊन बोट भाड्यानं घेऊ लागले. यंदा त्याचा फोन आला, ‘‘मामी, मामांना घेऊन याच. बोटीत जागा आहे, आणि मला पुढे उभं राहायला शांत डोक्याचं माणूस हवंय.’’ मामा शांत डोक्याचे नाहीत हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

ग्वाल्हेरचा आणि समुद्राचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर आम्ही आंग्र्यांचं नाव सांगतो. कान्होजींच्या घराण्यातली एक शाखा शिंद्यांच्या पदरी इकडे येऊन राहिली, सरदार झाली. ज्यांच्या पूर्वजांनी कोकण किनाऱ्यावर इंग्रज-पोर्तुगीजांना जेरीस आणलं ते घराणं येऊन वसलं कुठे, तर चंबळच्या अलीकडे, जिथे मे महिन्यात विहिरीचंही तोंड कोरडं पडतं. बाकी आमचं पाणी म्हणजे तिघरा धरण, आणि नौकानयन म्हणजे तिथली पायडल मारायची बोट.

भाच्यानं जायच्या दोन-तीन महिने आधीच गृहपाठ धाडला. तीन गाठी पाठ करायच्या: बोलाइन, क्लोव्ह हिच आणि क्लीटवर, म्हणजे बोटीवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर, दोरी अडकवायची पद्धत. बोलाइनचा फास ओढला तरी आवळत नाही, आणि कितीही ताण येऊन गेला तरी नंतर सुटतो. ओसरीवरच्या झोपाळ्याच्या कडीला सुती दोर बांधून मी रोज संध्याकाळी ती घालत बसे. आधी बघून, मग न बघता, मग डाव्या हातानं. कामवाली म्हणाली, ‘‘भाभी, झूला तो ठीक है न?’’ ह्यांनी गाठींकडे ढुंकून पाहिलं नाही. आपण लहानपणी विहिरीत पोहायला शिकलोय एवढ्या भांडवलावर ते निर्धास्त होते.

व्हिसाच्या अर्जात राहण्याच्या ठिकाणाचा रकाना आला आणि आम्ही अडलो. हॉटेल नाहीच. शेवटी बोटीचा भाडेकरार जोडला, खलाशांची यादी जोडली आणि पत्ता म्हणून मरीनाचं, म्हणजे बोटींच्या बंदराचं, नाव लिहिलं. ग्रीसमध्ये कप्तानाशिवाय बोट घ्यायची तर चालवणाऱ्याकडे परवाना लागतो आणि सोबत दुसरा एक जाणता माणूसही लागतो. ती दोन्ही कामं भाचा आणि सूनबाई करणार होते. आम्ही दोघं कागदावर नुसते खलाशी.

इकडे नौतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या बेतात असताना आम्ही निघालो. अथेन्सहून लेफ्काडाला जाणारी बस पाच-साडेपाच तास घेते. वाटेत कोरिंथच्या आखातावरचा रिओ-आंतिरिओचा तारांनी तोललेला पूल लागतो, 2004 साली ऑलिंपिकच्या तोंडावर खुला झालेला. लेफ्काडा हे बेट असलं तरी मुख्य भूमीला इतकं खेटून आहे की मध्ये नुसता कालवा, आणि कालव्यावर बोटींसाठी बाजूला सरकणारा तरंगता पूल. भाच्यानं हाच भाग का निवडला ते त्यानं नकाशा उघडून सांगितलं. ग्रीसच्या पूर्वेला एजियन समुद्राकडे उन्हाळ्यात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटला की दिवसच्या दिवस थांबत नाही. पश्चिमेच्या आयोनियन बाजूचा वारा शिस्तीचा. सकाळी जवळपास नाहीच, दुपारी वायव्येकडून माएस्त्रो उठतो, चारच्या सुमारास जोर धरतो आणि सूर्य कलला की हळूहळू पडतो. तापलेली जमीन, वर चढणारी हवा, समुद्रावरून आत येणारा वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ करून मार्क मिळवले होते, ते इथे घड्याळ लावून बघायला मिळाले. शिवाय बेटं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात, आणि भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. नवख्यांसाठी याहून बरं पाणी नाही.

बोटीचा ताबा घेणं हा स्वतंत्र कार्यक्रम असतो. आमची बोट अकरा मीटरची, एका डोलकाठीची, आत तीन खोल्या. कंपनीची मुलगी यादी घेऊन आली आणि एकेक वस्तू दाखवत गेली: लाइफ जॅकेट, धुराचे आणि उजेडाचे बाण, जादा नांगर, रबरी डिंगी म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, तिचं छोटं इंजिन, वायरलेस, समुद्राचं पाणी आत येऊ देणाऱ्या सगळ्या तोट्या. भाच्यानं जुन्या ओरखड्यांचे फोटो काढले, कारण अनामत रकमेचा प्रश्न. मी एकच विचारलं, नांगराची साखळी किती मीटर? पन्नास. दर दहा मीटरवर कुठला रंग? तिनं साखळीच्या खणाचं झाकण उघडून दाखवलं. प्रत्येक बोटीवर रंगांचा क्रम वेगळा असतो, म्हणून मी तो वहीत उतरवून घेतला. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जन्म गेल्यामुळे ही सवय.

आतलं राहणं थोडक्यात सांगते. संडासला हाताचा पंप. कितीही शिकलेला माणूस पहिल्यांदा गोंधळतोच. पिण्याधुण्याचं पाणी टाकीत साडेतीनशे लिटरच्या आसपास, चौघांत. पोरं चिंतेत होती की मामा-मामींना जमेल का. उन्हाळ्यात तिघऱ्याचं पाणी एक दिवसाआड येतं त्या गावच्या माणसाला पाणी पुरवून वापरायला शिकवायला नको. शेवटी टाकीत उरलं ते आमच्यामुळे. अंघोळ समुद्रात, वरून मागच्या शॉवरचं गोडं पाणी एक तांब्याभर. मेअखेरीचं तिथलं पाणी अंगावर काटा आणणारं गार असतं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आता नांगर.

पहिली संध्याकाळ मेगानिसी बेटाच्या उत्तर अंगाला. या बेटाच्या त्या किनाऱ्यात आत-आत शिरलेल्या खाड्या आहेत, पाण्यापर्यंत उतरलेली झाडं आहेत, आणि वायव्येचा वारा टेकडीआड अडतो. आम्ही गेलो त्या आबेलिकीच्या खाडीत आधीच बऱ्याच बोटी होत्या. भाच्यानं इंजिन अगदी हळू ठेवून एक पूर्ण फेरी मारली. कोण कुठे आहे, कोण नुसत्या नांगरावर आहे आणि कोणी मागून किनाऱ्याला दोर बांधलेत, हे आधी बघायचं. नुसत्या नांगरावरची बोट वारा बदलला की नांगराभोवती गोल फिरते. दोर बांधलेली जागची हलत नाही. दोन्ही प्रकार शेजारी आले की रात्री ठोकर ठरलेली. जो आधी आला त्याचा घेर तो. नंतरच्यानं जागा शोधायची.

मी सगळ्यात पुढे, टोकाला, हातात विंडलासचं बटण. विंडलास म्हणजे साखळी सोडणारं-ओढणारं विजेचं यंत्र. ते इतकी वीज खातं की इंजिन चालू असल्याशिवाय वापरायचंच नाही. पायात बूट हवेतच, आणि बोटं साखळीपासून लांब. इंजिनाच्या आवाजात पुढचं बोलणं मागे ऐकू जात नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरवलेल्या: हात पुढे म्हणजे पुढे चल, मूठ म्हणजे थांब, बोटं म्हणजे किती दहा मीटर साखळी गेली. खाली पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसतो. पांढुरका पट्टा म्हणजे वाळू, काळसर डाग म्हणजे पोसिडोनिया, समुद्री गवत. गवतात नांगर टाकायचा नाही. एक तर तो धरत नाही, वरवर घसरत जातो. आणि दुसरं, ते गवत शंभर-शंभर वर्षं जगतं, हळूहळू वाढतं, आणि तुमच्या एका नांगरानं मोठा लचका निघतो. मी वाळूच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. भाच्यानं खोली वाचली, सहा मीटर. बोट पूर्ण थांबली, हलकेच मागे सरकू लागली, तेव्हाच नांगर सोडायचा. बोट थांबलेली असताना सगळी साखळी भसाभसा सोडली तर ती नांगराच्याच डोक्यावर ढिगानं बसते आणि त्यात नांगर गुंततो.

‘‘मामी, साखळी किती?’’

मी दोन बोटं वर केली. मग तीन.

सहा मीटर खोलीला तीस मीटर साखळी का, हे मला शिकवायची गरज नव्हती, पण भाच्याला सांगताना फार बरं वाटलं. नांगर जड असतो म्हणून धरतो, हा सार्वत्रिक गैरसमज. आमचा नांगर फार तर पंधरा-सोळा किलोचा. कित्येक टन बोटीला त्याचं वजन काय पुरणार? तो धरतो ते आडव्या ओढीमुळे. ओढ तळाला समांतर असली की त्याचं पातं वाळूत खोल-खोल शिरत जातं. ओढ वरच्या बाजूनं आली की तेच पातं अलगद सुटतं. म्हणून साखळी खोलीच्या चौपट-पाचपट, वारा वाढणार असेल तर सातपट. आणि खोली मोजताना पाण्यापासून बोटीच्या टोकापर्यंतची उंचीही धरायची. साखळीचं स्वतःचं वजन तिला मध्ये झोळ देतं, तळाशी लोळवून ठेवतं. झटका आला की आधी तो झोळ ताणला जातो, नांगरापर्यंत फारसं काही पोचत नाही. कॅटेनरीचं, म्हणजे टांगलेल्या साखळीच्या झोळाचं, समीकरण फळ्यावर सोडवताना मी कायम विजेच्या तारांचं उदाहरण देत आले. पुन्हा वर्ग मिळाला तर उदाहरण बदलीन.

तीस मीटर गेल्यावर भाच्यानं इंजिन उलट्या दिशेला टाकलं, हळूहळू फेरे वाढवत दोन हजारांपर्यंत नेले. हा नांगराचा इम्तहान. मी वाकून ताणलेल्या साखळीवर तळवा ठेवला. नांगर घसरत असेल तर साखळी थरथरते, तळाची खरखर हाताला लागते, मध्येच धक्के येतात. पहिल्यांदा तसं झालं. मग एकदम ती ताठ झाली आणि गप्प. हे कुठल्याही यंत्रावर दिसत नाही, हातालाच कळतं. मी मूठ दाखवली. त्यानं इंजिन मोकळं सोडलं, बोट पुढे सरकून ढिली झाली.

तरी काम संपत नाही. साखळीचा भार विंडलासवर ठेवायचा नाही, म्हणून नायलॉनचा एक जाड दोर आकडीनं साखळीत अडकवून बोटीच्या क्लीटवर घ्यायचा. तो रबरासारखा थोडा ताणतो आणि रात्री साखळीची कुरकुर झोपेच्या खोलीत येत नाही. मग किनाऱ्यावर दोन खुणा हेरायच्या, एक पुढची आणि एक तिच्या बरोबर मागची. आम्हाला एका पडक्या भिंतीचा कोपरा आणि त्यामागचं सरूचं झाड मिळालं. जोवर दोन्ही एका रेषेत तोवर बोट जागेवर. शेवटी भाचा चश्मा लावून पाण्यात उतरला आणि वर येऊन म्हणाला, ‘‘पातं पूर्ण गडप. शाब्बास मामी.’’ हे तोवर मागे बसून बिअर उघडत होते.

तेवढ्यात शेजारी एक बोट आली. पुढे बाई, मागे बुवा, आणि मध्ये अकरा मीटर आरडाओरडा. भाषा कळली नाही, मजकूर सगळा कळला. नांगर टाकताना नवरा-बायकोंचं भांडण हे मी त्या मुक्कामात रोज पाहिलं. संध्याकाळी खाडीतल्या लोकांची तीच करमणूक.

दुपारच्या शिडांबद्दल फार लिहीत नाही. माएस्त्रो आला की मुख्य शीड आणि पुढचं शीड उभारून इंजिन बंद करायचं, आणि त्या क्षणी कानाला जे सुख होतं ते खरंच आहे. वाऱ्याचा वेग बारा-चौदा नॉट असला की बोट एका अंगावर कलून धावते. ह्यांनी पहिल्या कलण्याला जो कठडा धरला तो बराच वेळ सोडला नाही. मग हळूच सुकाणूला हात लावला, आणि नंतर त्यांच्याकडून ते सोडवणं अवघड झालं. आतली शेगडी दोन खिळ्यांवर झुलती असते. बोट कलली तरी पातेलं सपाट राहतं, म्हणून कलत्या बोटीवर पोहे झाले. खाताना मात्र बशी आपण सपाट धरायची असते. वाटेत स्कोर्पिओस बेट गेलं, जिथे 1968 साली ग्रीक जहाजमालक ओनॅसिस आणि जॅकलीन केनेडीचं लग्न लागलं. ह्यांना त्या लग्नाबद्दल इतकं ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं.

दुपारच्या मुक्कामांत मजेचं आतोकोस. उंच पांढऱ्या कड्याखालची खाडी, एकच घर, वस्ती नाही, आणि किनाऱ्यावर डुकरं. हो, मोकाट डुकरं वाळूत हिंडतात आणि बोटींमधून काही मिळतंय का बघतात. तिथे किनारा एकदम खोल जातो, नांगराला पट्टा अरुंद, म्हणून जेवून निघायचं.

इथाकाच्या किओनीत वेगळाच धडा. होमरच्या महाकाव्यातल्या ओडिसियसचं गाव म्हणून इथाकाला पोचायचं सगळ्यांना असतं, त्यामुळे गर्दी. खाडीच्या तोंडाशी पडक्या पवनचक्क्या, आत घरं डोंगरावर चढत गेलेली. पाणी कडेपर्यंत खोल, गोल फिरायला जागा नाही. अशा ठिकाणी पुढून नांगर टाकायचा आणि मागून किनाऱ्याला दोर न्यायचे. मी साखळी सोडत होते, भाचा उलटा मागे येत होता, सूनबाईनं दोराचं टोक घेऊन पाण्यात उडी मारली आणि पोहत खडकाकडे गेली. मागे दोर सोडायचं काम ह्यांच्याकडे. दोर कमी सोडला तर पोहणारी अडकते, जास्त सोडला तर पंख्यात जातो, म्हणून पाण्यावर तरंगणारा दोर घेतात. आधी वाऱ्याकडच्या बाजूचा दोर बांधायचा, मग दुसरा. खडकाच्या धारेवर दोर रात्रभर घासला तर सकाळपर्यंत तुटतो, तेव्हा खडकाभोवती साखळीचा तुकडा आणि दोर त्याला. सूनबाईनं बोलाइन घातली, पोहत परत आली. दात वाजत होते, पण हात वर करून दाखवला. मग मी साखळी थोडी ओढून घेतली, बोट ताणली गेली आणि जागेवर बसली.

किओनीच्या धक्क्याकडे बघताना मला ग्वाल्हेरच्या भर बाजारातल्या महाराज बाड्यावर दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी लावलेल्या स्कूटरी आठवल्या. शेवटचा आलेला पहिल्याच्या पुढे लावणार आणि सकाळी कुणाची निघणार नाही. सकाळी तसंच झालं. मी नांगर उचलायला घेतला, विंडलास कण्हू लागला, आणि पाण्यातून आमच्या नांगरावर दुसऱ्याच कुणाची साखळी लटकत वर आली. रात्री उशिरा आलेल्यानं आमच्या साखळीवरून आपली टाकली होती. यावर आरडाओरडा करत नाहीत. त्या परक्या साखळीखालून एक दोर घालायचा, दोन्ही टोकं आपल्या क्लीटवर बांधायची म्हणजे ती साखळी दोरावर टांगली जाते; मग आपला नांगर थोडा खाली सोडायचा, तो मोकळा होतो, वर घ्यायचा; आणि मग दोराचं एक टोक सोडून द्यायचं. साखळी धपकन खाली. मी पोटावर आडवी पडून दोर घालत होते तेव्हा चिखलाचा एक गोळा थेट तोंडावर उडाला. समोरच्या बोटीवरचे आजोबा टाळ्या वाजवत होते. त्यांचीच साखळी होती.

पुढचा बेत फिस्कार्दोचा होता. केफालोनियाच्या उत्तर टोकाचं हे गाव 1953 च्या भूकंपातून वाचलं, बाकी बेटावरची बहुतेक गावं कोसळली. त्यामुळे जुनी घरं बघायची तर इथेच. पण सकाळच्या चहाला भाच्यानं पोसायडन नावाचं ग्रीक हवामानाचं पान उघडलं आणि त्याचा चेहरा बदलला. दुसऱ्या दिवशी रात्री दक्षिणेकडून वारा, वीज, सरी. माएस्त्रोच्या भरवशावर निवडलेल्या सगळ्या जागा वायव्येला आडोसा देतात. वारा उलट बाजूनं आला की त्यातल्या कित्येक उघड्या पडतात. फिस्कार्दोला दुपारी भिंती बघून, कॉफी पिऊन आम्ही निघालो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत लेफ्काडाच्या निद्रीशेजारच्या व्लिहो खाडीत शिरलो. जेवणाखाणाच्या बेतापेक्षा हा बेत बदलायला भाच्यानं कमी वेळ घेतला, हे मला आवडलं.

व्लिहो जवळपास चहूबाजूंनी बंद आहे, अरुंद तोंडातून आत गेलं की तळ्याइतकं शांत पाणी, तळाशी चिखल. चिखलात नांगर घट्ट बसतो. तरी 2011 च्या सप्टेंबरात याच खाडीत अचानक वादळ घुसलं होतं, बोटी आडव्या झाल्या होत्या, जीवही गेला होता. त्या भागातले बोटवाले ते अजून सांगतात. म्हणून इथे आम्ही आडोशावर विसंबलो नाही. खोली जेमतेम सात मीटर, पण मी जवळजवळ सगळी साखळी सोडली. शेजारच्या बोटींपासून दुप्पट अंतर ठेवलं. डेकवरचं सगळं सैल सामान आत, डिंगीचं इंजिन काढून वर, फेंडर, म्हणजे ठोकर झेलणाऱ्या फुगीर उशा, दोन्ही अंगांना. डोलकाठीच्या टोकावरचा पांढरा दिवा लावला. नांगरलेल्या बोटीनं तो रात्रभर लावायचाच असतो.

रात्री एकच्या सुमारास आलं. आधी गार झोत, मग वीज, मग एका बाजूनं पाऊस. आम्ही पाळ्या लावल्या होत्या, आणि तेव्हा बाहेर मी होते, अंगात पोरांचा रेनकोट. सगळ्या बोटी एकदम वळल्या. किनाऱ्यावरचे दोन दिवे मी खुणेला धरले होते, एक पिवळा आणि मागे एक हिरवा. ते एकमेकांपासून लांब गेले, माझ्या पोटात गोळा आला. मग लक्षात घेतलं की बोट वळली आहे, रेष बदलणारच. वळणं थांबल्यावर नव्या दोन खुणा धरायच्या आणि त्या हलतात का बघायचं. माझ्या हलल्या नाहीत. हलत होता तो आमच्या पुढच्या बोटीचा दिवा. तो वाढत होता.

मी भाच्याला हाक मारली. तो आणि सूनबाई क्षणात वर. पुढची बोट आडवी होत आमच्याकडे घसरत येत होती, तिच्यावर कुणी जागं दिसेना. भाच्यानं भोंगा वाजवला, सूनबाईनं टॉर्च त्यांच्या खिडकीवर मारला, ह्यांनी सगळ्यात मोठा फेंडर घेऊन पुढची बाजू गाठली. मी म्हटलं हात मध्ये घालू नका, दोन बोटींच्या मध्ये हात गेला की गेला. तोवर तिथले लोक उठले, इंजिन सुरू झालं. त्यांची बोट आमच्या टोकापासून फार तर दीड मीटरवरून गेली. पावसात एका माणसाचा उघडा, साबण लावल्यागत पांढरा चेहरा दिसला, त्यानं हात जोडले की हलवला ते कळलं नाही. त्यांनी मागे जाऊन पुन्हा नांगर टाकला. अर्ध्या तासानं वारा संपला. पाऊस सकाळपर्यंत.

सकाळी आमची साखळी उचलताना नांगर असा रुतला होता की विंडलासला जोर येईना. जबरदस्ती करायची नाही. साखळी सरळ खाली ताणून अडकवायची आणि थांबायचं. लहानशा लाटेवर बोट वर-खाली होते तसतसा तो आपोआप सैल होतो. आला तो काळ्या, दुर्गंधी चिखलाचा गोळा होऊन. बादल्या ओतून धुवायला बराच वेळ लागला. रात्रीचे शेजारी डिंगी घेऊन आले, वाइनची बाटली देऊन गेले. त्यांनी वीस मीटर साखळी सोडली होती, त्यांनीच सांगितलं. ही गोष्ट ह्यांनी ग्वाल्हेरला आल्यावर पंचवीस जणांना तरी सांगितली असेल, आणि दर वेळी दुसऱ्याची साखळी थोडी कमी होत जाते.

बोट परत करताना डिझेल भरून द्यायचं असतं, आणि एक पाणबुड्या खाली जाऊन तळ, सुकाणू आणि कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, तपासतो. मग अनामत परत. आमची पूर्ण मिळाली.

लष्करातल्या एक-दोन घरांतून आता चौकशी सुरू झाली आहे, म्हणून थोडं कामाचं. शाकाहारी माणसाचं तिथे अडत नाही. टोमॅटोतल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे दाणे, फावा नावाचं वाटून केलेलं पिवळ्या डाळीचं पिठलं म्हणा ना, आणि पालकाची पेस्ट्री जवळपास सगळ्या खानावळींत मिळते. काही खानावळी तर जेवायला येणार असाल तर त्यांच्या जेट्टीला बोट फुकट बांधू देतात. मऊ पिशवीत सामान न्या, सुटकेस ठेवायला बोटीत जागा नसते. गुडघेदुखी असेल तर नीट विचार करा, दिवसात शंभरदा शिडी चढउतार होते. परवानावाला माणूस घरात नसेल तर बोटीसोबत कप्तान भाड्यानं मिळतो; तो एक खोली आणि तुमचं जेवण घेतो, पण पहिल्या खेपेला तेच बरं. आणि मे महिना मागितला तर पाणी गार, सप्टेंबर मागितला तर पाणी छान पण विजांचे ढग जास्त. मधले जुलै-ऑगस्ट गर्दीचे आणि महागाचे.

भाच्यानं पुढच्या सप्टेंबरातल्या बोटी बघायला सुरुवात केली आहे. परवा एक फोटो पाठवला, पांढरी शुभ्र, नवी, स्वयंपाकघर मोठं. ह्यांना ती एकदम पसंत पडली. मी साखळी किती ते विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.